शनिवारची माणसे, दोषांसकट आपली

पुणेकरांपैकी अनेकांची 'स्पायसर'शी पहिली ओळख झाली ती औंधच्या आवारातील बेकरीमुळे. गव्हाच्या ब्राऊन ब्रेडसाठी लोक वाट वाकडी करून तिथे जात. शनिवारी गेलेल्या नवख्या गिऱ्हाइकाला मात्र रिकाम्या पिशवीनिशी परतावे लागे, कारण त्या दिवशी तेथील सारे व्यवहार बंद असतात. शहर रविवारी विसावा घेते, मग ही मंडळी शनिवारी का, असा प्रश्न मनात येई आणि पुढच्या कामाच्या गडबडीत विरून जाई.

ही मंडळी म्हणजे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट संप्रदायाचे ख्रिस्ती. स्पायसर महाविद्यालयाचा आरंभ १९१५ मध्ये कोइमतूर येथे झाला, ते १९४२ मध्ये पुण्यात स्थिरावले आणि राज्य विधिमंडळाच्या कायद्यान्वये २०१४ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते विल्यम ॲम्ब्रोज स्पायसर १८९८ पासून काही वर्षे भारतात कार्यरत होते. पुढे १९२२ ते १९३० या काळात त्यांनी या संप्रदायाचे जागतिक अध्यक्षपद भूषविले. सॅलिसबरी पार्क भागात संप्रदायाचे प्रकाशनगृह आहे आणि १९८९ पर्यंत दक्षिण आशियाचे मुख्यालयही तिथेच होते. नंतर ते तामिळनाडूतील होसूरला हलले. म्हणजे जगभर दोन कोटी वीस लाखांहून अधिक सभासद असलेल्या या संप्रदायाचा भारतातील कारभार कित्येक दशके पुण्याच्या एका शांत गल्लीतून चालत होता.

आठवड्याचा सातवा दिवस, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा काळ, शब्बाथ म्हणून पाळणे आणि प्रभू येशूच्या पुनरागमनाची वाट पाहणे या दोन गोष्टी त्यांच्या नावातच आहेत. 'ॲडव्हेंट' म्हणजे आगमन. मद्य व तंबाखू वर्ज्य, डुकराचे मांस निषिद्ध, शाकाहाराला प्रोत्साहन, उत्पन्नाचा दशांश मंडळीला, हे नियम त्याला जोडून येतात. मृत्यू म्हणजे पुनरुत्थानापर्यंतची झोप असे ते मानतात आणि अनंतकाळ जळणाऱ्या नरकाची कल्पना नाकारतात.

येथवरची माहिती कोणत्याही कोशात सापडेल. कोशात सापडत नाही तो प्रश्न वेगळा आहे. आपली मंडळी सदोष आहे हे नीट ठाऊक असलेला, तिचा इतिहास वाचलेला, तिच्या सभांतील भांडणे पाहिलेला सभासद तिच्याविषयी कृतज्ञ कसा राहतो? हा प्रश्न कोणत्याही धर्मसमूहाला विचारता येईल. ज्यांनी आपापल्या फडांतील, मठांतील वा जातपंचायतींतील राजकारण जवळून पाहिले आहे त्यांना तो अपरिचित नाही. ॲडव्हेंटिस्टांच्या बाबतीत मात्र त्याला अधिक धार आहे, कारण हा संप्रदाय स्वतःला प्रकटीकरणाच्या पुस्तकातील 'अवशिष्ट' मंडळी मानतो. शेवटच्या काळात देवाच्या आज्ञा पाळणारे जे उरतील, ते. एवढा मोठा दावा करणाऱ्याचे पाय मातीचे निघाले, तर पाहणाऱ्याला ते अधिक टोचते.

चुकीतून जन्म

या संप्रदायाच्या मुळाशीच एक जगजाहीर चूक आहे. न्यूयॉर्क राज्यातील विल्यम मिलर हा शेतकरी स्वाध्यायाने बायबलचा अभ्यासक झाला. दानीएलच्या पुस्तकातील २३०० दिवसांच्या भविष्याचा हिशेब मांडून १८४३ च्या सुमारास ख्रिस्त पृथ्वीवर परत येणार, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे त्याच्या अनुयायांनी नेमका दिवसही ठरवला: २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. काहींनी पिके शेतात उभी ठेवली, काहींनी दुकाने बंद केली. तो दिवस आला आणि इतर दिवसांसारखाच मावळला.

इतिहासात तो 'महानिराशा' म्हणून नोंदला गेला. रात्रभर रडून पहाटे शेजाऱ्यांचे टोमणे चुकवीत मक्याच्या शेतातून चालत निघालेल्या हायरम एडसनची हकिगत ॲडव्हेंटिस्ट घरांत आजही सांगितली जाते. तारीख बरोबर होती, घटना चुकीची समजली, त्या दिवशी ख्रिस्ताने पृथ्वीवर नव्हे तर स्वर्गीय मंदिराच्या परमपवित्र स्थानात प्रवेश केला, असा उलगडा त्याला त्या शेतात झाला. बाहेरच्यांना ही पळवाट वाटली आणि अनेकांना ती आजही तशीच वाटते. बहुसंख्य मिलरवादी पांगले. उरलेल्या मूठभरांत एक निवृत्त जहाजी कप्तान जोसेफ बेट्स होता, जेम्स व्हाइट नावाचा तरुण उपदेशक होता आणि एलन हार्मन ही सतरा वर्षांची मुलगी होती. निराशेनंतर दोन महिन्यांत तिला पहिला दृष्टांत झाला असे सांगतात. जेम्स व्हाइटशी विवाह झाल्यावर एलन व्हाइट या नावाने ती या संप्रदायाची संदेष्टी मानली गेली.

या मूठभरांची पुढची काही वर्षे फारशी उदार नव्हती. ज्यांनी १८४४ चा संदेश नाकारला त्यांच्यासाठी तारणाचे दार कायमचे बंद झाले, असे ते मानीत. थोड्याच वर्षांत ही शिकवण सोडून द्यावी लागली. संघटना बांधणे म्हणजेच 'बाबेल' होणे, या भीतीने त्यांनी नाव घेणेही १८६० पर्यंत लांबवले. १८६३ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे मध्यवर्ती संस्था स्थापन झाली तेव्हा सभासद होते सुमारे साडेतीन हजार.

मात्र त्याआधी, १८५६ मध्ये, एक गोष्ट घडली होती आणि पुढचे सारे समजण्यासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. प्रकटीकरणाच्या आरंभी सात मंडळ्यांना लिहिलेली सात पत्रे आहेत. शब्बाथ पाळणारे हे लोक तोवर स्वतःला सहावी, म्हणजे फिलदेल्फियाची मंडळी समजत. तिच्यात दोष काढलेला नाही. सातवे पत्र लावदिकीयाला आहे: ना थंड ना गरम, स्वतःला श्रीमंत समजणारी परंतु प्रत्यक्षात दरिद्री, आंधळी, उघडी. जेम्स व्हाइटने संप्रदायाच्या नियतकालिकातून लिहिले की ते पत्र दुसऱ्या कोणाला नाही, आपल्यालाच आहे. वाचकांनी ते मान्य केले. धर्मसमूह शास्त्रातील कठोर वचने सहसा विरोधकांसाठी राखून ठेवतात. या लोकांनी त्यांतील सर्वांत बोचरे स्वतःच्या दारावर लावून घेतले. तेव्हापासून लावदिकीया हा शब्द ॲडव्हेंटिस्ट व्यासपीठावरून सतत ऐकू येतो. अर्थात, सतत ऐकलेला शब्द बोथट होतो हेही खरे. स्वतःला कोमट म्हणवून घेण्याचीही सवय लागते आणि त्या सवयीचाच पुढे अभिमान वाटू लागतो.

मतभेदांची लांब यादी

त्यानंतरचा इतिहास भांडणांनी भरलेला आहे. १८८८ मध्ये मिनियापोलिसच्या अधिवेशनात ॲलन्झो जोन्स आणि एलेट वॅगनर या दोन तरुण उपदेशकांनी नियमपालनाच्या कडक शिकवणीपेक्षा ख्रिस्तावरील विश्वासाने मिळणाऱ्या नीतिमत्त्वावर भर दिला, तेव्हा ज्येष्ठांनी त्यांच्यावर तोंडसुख घेतले. एलन व्हाइट तरुणांच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि काही वर्षांतच त्यांना ऑस्ट्रेलियात काम करण्यासाठी धाडण्यात आले. बॅटल क्रीकच्या आरोग्यधामाला जगभर नाव मिळवून देणारे आणि कॉर्नफ्लेक्सच्या जन्माशी ज्यांचे नाव जोडले गेले ते डॉ. जॉन हार्वे केलॉग यांना १९०७ मध्ये सभासदत्व गमवावे लागले. स्वतः एलन व्हाइट यांनी आरोग्यविषयक दृष्टांत झाल्याचे सांगितले ते १८६३ मध्ये, पण मांसाहार त्यांनी कायमचा सोडला १८९४ मध्ये. एकतीस वर्षांचा हा चढउतार अनेक सभासदांना अडचणीचा वाटतो, काहींना मात्र त्यातूनच त्या आपल्याशा वाटतात.

त्यांच्या लेखनावरील वाद याहून गंभीर होता. इतर लेखकांच्या ग्रंथांतून त्यांनी विपुल उचल केली, हा आक्षेप १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुराव्यांसह पुढे आला. संप्रदायाने फ्रेड वेल्टमन या अभ्यासकावर पडताळणीचे काम सोपवले. त्यांच्या येशूचरित्राची पंधरा प्रकरणे आठ वर्षे तपासून, त्यांतील जवळपास एक-तृतीयांश वाक्यांवर अन्य ग्रंथांचे कमीअधिक ऋण असल्याचे वेल्टमन यांनी १९८८ मध्ये नोंदवले. ज्यांची श्रद्धा संदेष्ट्याच्या प्रत्येक शब्दावर उभी होती त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्याच सुमारास, १९८० मध्ये, ऑस्ट्रेलियन धर्मपंडित डेस्मंड फोर्ड यांनी १८४४ च्या स्वर्गीय मंदिराच्या शिकवणीलाच बायबलमध्ये आधार नसल्याचे प्रतिपादन केले. कोलोरॅडोतील ग्लेशियर व्ह्यू येथे शंभरावर विद्वान व अधिकाऱ्यांसमोर त्यांच्या भल्यामोठ्या प्रबंधाची चर्चा झाली आणि त्यानंतर त्यांचा पाळकपदाचा अधिकार काढून घेण्यात आला. त्यांच्या पाठोपाठ अनेक पाळकांनी काम सोडले. फोर्ड २०१९ मध्ये वारले. शनिवारचा शब्बाथ त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

स्त्रियांच्या दीक्षेचा प्रश्न तर विनोदी वाटावा इतका जुना आहे. स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्याचा ठराव १८८१ च्या अधिवेशनात आला होता. तो समितीकडे विचारार्थ सोपवण्यात आला. समितीकडे सोपवलेल्या ठरावांचे काय होते हे मराठी वाचकाला सांगायला नको. १९९०, १९९५ आणि २०१५ अशा तीन जागतिक अधिवेशनांत प्रश्न पुन्हा मताला टाकला गेला आणि प्रत्येक वेळी नकार आला. २०१५ मध्ये सॅन अँटोनियो येथे १३८१ विरुद्ध ९७७ मतांनी. ज्या संप्रदायाला एका स्त्रीच्या शब्दाने आकार दिला, त्यानेच हा निर्णय घ्यावा यातील विसंगती दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसते, पण तिचे अर्थ ते वेगवेगळे लावतात.

जिथे 'दोष' हा शब्द अपुरा पडतो

मतभेद सहन करता येतात. सभासदाच्या कृतज्ञतेची खरी परीक्षा अन्यत्र आहे.

१९४३ मध्ये ल्युसी बायर्ड ही कृष्णवर्णीय ॲडव्हेंटिस्ट महिला उपचारासाठी अमेरिकेच्या राजधानीलगतच्या आपल्याच संप्रदायाच्या रुग्णालयात आली. ती वर्णाने उजळ होती. तिचा वंश लक्षात येताच तिला उपचार नाकारून दुसऱ्या रुग्णालयात पाठवण्यात आले आणि तिथे तिचा मृत्यू झाला. कृष्णवर्णीय सभासदांच्या संतापाने नेतृत्व हादरले. पण उपाय निघाला तो पूर्ण समतेचा नव्हता: १९४४ मध्ये कृष्णवर्णीय मंडळ्यांसाठी त्यांच्याच नेतृत्वाखालील स्वतंत्र प्रादेशिक संस्था स्थापण्यास मंजुरी मिळाली. त्या आजही अस्तित्वात आहेत. अपमानातून जन्मलेली ही व्यवस्था आता अनेक कृष्णवर्णीय सभासदांना आपल्या स्वाभिमानाची आणि नेतृत्वाची जागा वाटते. ती मोडावी की राखावी यावर त्यांच्यातच एकमत नाही.

जर्मनीत १९१४ साली तेथील ॲडव्हेंटिस्ट नेत्यांनी परस्पर जाहीर केले की सभासद शस्त्र उचलतील, शब्बाथच्या दिवशीही. ज्यांनी विरोध केला त्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यातून एक वेगळा पंथ फुटला. नाझी राजवटीत याहून वाईट घडले. राजवटीशी जुळवून घेताना ज्यूवंशीय सभासदांना मंडळ्यांतून दूर सारले गेले. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील ॲडव्हेंटिस्टांनी त्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली ती २००५ मध्ये, युद्ध संपून साठ वर्षे झाल्यावर.

आणि रवांडा. एप्रिल १९९४ मध्ये मुगोनेरो येथील ॲडव्हेंटिस्ट संकुलात, चर्च आणि रुग्णालयात, हजारो तुत्सी आश्रयाला आले. त्यांच्यात काही ॲडव्हेंटिस्ट पाळकही होते. उद्या आपल्याला कुटुंबासह मारले जाणार आहे, आपण मध्यस्थी करावी, असे पत्र त्यांनी आपल्या वरिष्ठांना, पास्टर एलिझाफान न्ताकिरुतिमाना यांना लिहिले. अमेरिकन पत्रकार फिलिप गोरेविच यांच्या १९९८ च्या गाजलेल्या पुस्तकाला नाव मिळाले ते या पत्रातूनच. १६ एप्रिलला हल्ला झाला. तो शनिवार होता. न्ताकिरुतिमाना यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये वंशसंहारास साहाय्य केल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा सुनावली, त्यांच्या डॉक्टर मुलाला पंचवीस वर्षांची.

अशा घटनेपुढे 'कोणीही परिपूर्ण नसते' हे नेहमीचे वाक्य उच्चारणे म्हणजे मृतांची थट्टा ठरेल. मंडळीवर प्रेम करा म्हणून उपदेश करणारे बहुतेक लोक नेमके याच ठिकाणी चुकतात. ते दोषांची बेरीज करतात, चांगुलपणाची बेरीज करतात आणि वजाबाकी करून शिल्लक दाखवतात. रवांडाच्या हिशेबात कोणतीही शिल्लक उरत नाही.

तरीही त्याच देशात, त्याच शंभर दिवसांत, त्याच संप्रदायाचा आणखी एक माणूस होता. कार्ल विल्किन्स हा अमेरिकन मिशनरी संप्रदायाच्या 'ॲड्रा' या मदतसंस्थेचे तेथील काम पाहत होता. त्याच्या देशाने नागरिकांना बाहेर काढले तेव्हा त्याने पत्नी आणि मुलांना रवाना केले आणि स्वतः किगालीतच राहिला; घरात काम करणाऱ्या तुत्सी माणसांना सोडून जायचे नाही एवढे त्याचे साधे कारण होते. गिसिम्बा अनाथालयाला मारेकऱ्यांचा वेढा पडला तेव्हा त्याने एका सरकारी कार्यालयात दिसलेल्या पंतप्रधानालाच थेट गाठून मदत मागितली. तो पंतप्रधान, ज्याँ कांबांडा, पुढे वंशसंहाराचा गुन्हेगार ठरला. पण अनाथालयातील शेकडो जीव वाचले.

दुसऱ्या महायुद्धातही अशीच एक कथा आहे. डच ॲडव्हेंटिस्ट जॉन वाइडनर याने फ्रान्समधून स्वित्झर्लंड व स्पेनकडे माणसे पोहोचवणारे गुप्त जाळे उभारले आणि शेकडो ज्यूंना व शंभरावर विमानसैनिकांना त्यामुळे सुटता आले. सीमेलगतचे ॲडव्हेंटिस्ट महाविद्यालय, जिथे त्याचे वडील शिकवीत, ते त्याच्या बालपणीचे अंगण होते. तिथले डोंगर त्याच्या ओळखीचे होते. त्याची बहीण गॅब्रिएल पॅरिसमध्ये संप्रदायाच्या कार्यालयात काम करीत असे. तिला १९४४ मध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी छळछावणीत तिचा अंत झाला.

विल्किन्सचे धैर्य न्ताकिरुतिमानाचा अपराध पुसत नाही. मात्र यातून एक गोष्ट ध्यानात येते. दोघेही एकाच शब्बाथशाळेत वाढले होते, दोघांनी एकच पाठ वाचले होते. मंडळीने दोघांना एकच शिदोरी दिली. एकाने ती उघडली, दुसऱ्याने नाही. म्हणूनच विचारी सभासदाला आपल्या मंडळीचे ऋण मानता येते आणि तिच्यावर आंधळा भरवसा ठेवता येत नाही. या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

शुक्रवारचा सूर्यास्त

हे ऋण नेमके कशाचे? बहुतेक सभासद या प्रश्नाचे उत्तर सिद्धांतांनी सुरू करीत नाहीत. ते शुक्रवारच्या संध्याकाळपासून सुरू करतात. घर झाडून, शनिवारचा स्वयंपाक जमेल तेवढा आधीच उरकून, सूर्य मावळण्याच्या वेळेपर्यंत सारे हात मोकळे करायचे. पुण्यात जूनमध्ये ही वेळ सव्वासातच्या आगेमागे असते, डिसेंबरच्या आरंभी सहाच्या. त्यानंतर चोवीस तास व्यापार नाही, अभ्यास नाही, खरेदी नाही. आषाढी-कार्तिकीच्या उपवासांचे वेळापत्रक ज्या घरांत पाळले जाते त्यांना या शिस्तीतील गोडवा समजणे अवघड नाही. फरक एवढाच की ही एकादशी दर आठवड्याला येते.

या शिस्तीची किंमतही चुकवावी लागते. शनिवारी येणाऱ्या परीक्षा, मुलाखती, नोकरीच्या पाळ्या ही भारतातील ॲडव्हेंटिस्ट तरुणांची जुनी डोकेदुखी आहे. महाराष्ट्र शासनाने कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला तो २०२० मध्ये. त्यापूर्वी महिन्यातील किमान दोन शनिवार तरी कामाचे असत. खासगी क्षेत्रात तर शनिवार अजूनही हक्काचा नाही. एखादी चांगली संधी सोडून दिलेला मुलगा घरी येतो तेव्हा मंडळी त्याच्या पाठीशी किती उभी राहते, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. काही ठिकाणी त्याला नोकरी शोधून देणारे काका भेटतात, काही ठिकाणी फक्त शाबासकी.

शनिवारची उपासना झाल्यावर अनेक मंडळ्यांत घरोघरचे डबे एकत्र उघडले जातात. जगाच्या कानाकोपऱ्यातील ॲडव्हेंटिस्ट त्या सकाळी शब्बाथशाळेत एकच पाठ अभ्यासतात. पुण्यातील वर्गात जो उतारा चर्चेला असतो तोच नैरोबीत आणि साओ पावलोतही असतो. परक्या शहरात शिकायला गेलेल्या मुलाला पहिल्या शनिवारी जेवायला बोलावणारे घर मिळते. हा गोतावळा आहे, आणि गोतावळ्याचे सारे फायदे-तोटे त्याला आहेत: आजारपणात रात्री रुग्णालयात थांबायला माणूस मिळतो आणि कोणाच्या मुलीने कोणाशी लग्न ठरवले याची वार्ता सूर्यास्तापूर्वी सर्वत्र पोहोचते.

त्याचे काही परिणाम मोजलेही गेले आहेत. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे १९०५ मध्ये स्थापन झालेले या संप्रदायाचे वैद्यकीय केंद्र आज विद्यापीठ आहे. तेथील संशोधकांनी हजारो ॲडव्हेंटिस्टांच्या आहाराचा व आयुर्मानाचा दीर्घकाळ मागोवा घेतला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कॅलिफोर्नियातील इतर गौरवर्णीयांच्या तुलनेत तेथील ॲडव्हेंटिस्ट पुरुष सरासरी ७.३ वर्षे आणि स्त्रिया ४.४ वर्षे अधिक जगत. शाकाहार, सुकामेवा, व्यायाम, धूम्रपानाचा अभाव ही कारणे संशोधकांनी दिली. आठवड्यातून एक दिवस सक्तीने थांबण्याचा आणि त्या दिवशी एकटे न जेवण्याचा वाटा यात किती, हे वेगळे काढून दाखवणे कठीण आहे.

पण या गोतावळ्यातून बाहेर पडणाऱ्यांची संख्याही लहान नाही. संप्रदायाच्याच नोंदींनुसार १९६५ पासून सभासद झालेल्या दर दहा जणांपैकी सुमारे चार जण नंतर मंडळी सोडून गेले. ही आकडेवारी संप्रदायाने लपवली नाही, तिच्यावर परिषदा घेतल्या. सोडून गेलेल्यांना विचारले असता दिसले ते असे की अनेकांचे भांडण सिद्धांतांशी नव्हते. घटस्फोट, बेकारी, घरातील मृत्यू अशा एखाद्या वळणावर त्यांचे येणे थांबले आणि त्यानंतर कोणीही चौकशीला आले नाही. ग्लेशियर व्ह्यूच्या वादावर ग्रंथ लिहिले गेले. या न झालेल्या भेटींवर कोणी काही लिहिले नाही, वस्तुतः नुकसान कदाचित त्यांनीच अधिक केले.

पाण्याचे घमेले आणि टॉवेल

ॲडव्हेंटिस्टांच्या मंडळीत साधारणतः दर तीन महिन्यांनी प्रभुभोजन होते. द्राक्षारस आंबवलेला नसतो आणि भाकर बेखमीर असते. पण त्याआधी एक विधी होतो आणि तो पाहिल्याखेरीज हा संप्रदाय समजला असे म्हणता येणार नाही. पुरुष एका खोलीत जातात, स्त्रिया दुसऱ्या. घमेल्यांत पाणी असते, खांद्यावर टॉवेल. दोघे दोघे समोरासमोर बसतात आणि एकमेकांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याचे हे अनुकरण.

महाराष्ट्राला पाय धुणे अपरिचित नाही. दारी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी दिले जाते, लग्नात जावयाचे पाय धुतले जातात, गुरूची पाद्यपूजा होते. या प्रत्येक प्रसंगात कोण बसणार आणि कोण वाकणार हे मानाने ठरलेले असते. इथे ते ठरलेले नसते. आधी एक वाकतो, मग तोच खुर्चीवर बसतो. त्याला सर्वांत जवळचे मराठी चित्र म्हणजे पंढरीच्या वाटेवर एकमेकांच्या पाया पडणारे वारकरी. भारतीय ख्रिस्ती समाजात जात आणि भाषा यांच्या रेषा पुसल्या गेलेल्या नाहीत, हे सर्वज्ञात आहे. म्हणूनच कोणी कोणाचा पाय हातात घेतला याला इथे जो अर्थ आहे, तो अमेरिकेतील मंडळीत असेलच असे नाही.

या विधीचा हेतू असा की ज्याच्याशी बिनसले आहे त्याच्यासमोर जाऊन बसावे. प्रत्यक्षात बहुतेक जण मित्राची निवड करतात. ज्यांना कोणाला सामोरे जायचे नसते ते त्या शनिवारी मागच्या बाकावर थांबतात, किंवा येतच नाहीत. तरुणांना अवघडल्यासारखे होते. मोजे काढावे लागणार म्हणून कोणी सबबी सांगतो. या साऱ्या पळवाटा सर्वांना माहीत असतात आणि तरीही दर तिमाहीला घमेली भरली जातात.

कधीतरी मात्र कोणी खरोखरच उठतो. वर्षभर ज्याच्याशी बोलणे नाही त्याच्यासमोर गुडघे टेकतो. पाणी गार असते, बोलण्यासारखे काही सुचत नाही. पाय पुसून झाल्यावर जागा बदलते. मग दोघे उभे राहतात, प्रार्थना करतात आणि इतरांबरोबर भोजनाकडे वळतात. टॉवेल धुवायला कोणीतरी घरी नेते. पुढच्या आठवड्यात मंडळीच्या कार्यकारिणीची बैठक असते आणि छपराच्या पत्र्यांवर किती खर्च करावा यावरून त्याच दोघांचे पुन्हा वाजते.